पेंटरने भिंतीवर काढलेला हात

पेंटरचं एक सूत्र होतं. अक्षर काढायचं असेल तर ते वाचायचं नाही. वाचायला लागलं की हात अर्थाच्या मागे धावतो आणि वेलांटीचं पोट सुटतं. म्हणून तो ओळीच्या शेवटून सुरुवात करायचा आणि उलटा चालत पहिल्या अक्षरापाशी यायचा. या सूत्रापायी एकदा 'कुत्रा चावतो, सांभाळून या' ही पाटी त्याने शेजारच्या बंगल्याऐवजी दातांच्या डॉक्टरांच्या दारावर रंगवली होती. दुपारपर्यंत एक रोगी आत गेला नाही. डॉक्टर तावातावाने भांडायला आले, तर हा म्हणाला, "ते जाऊ द्या साहेब, अक्षर कसं आलंय ते सांगा." डॉक्टरांनी मागे सरून बघितलं. अक्षर झकासच आलं होतं. 

अशा या माणसाला दवाखान्याची तीस फुटी भिंत मिळाली, आणि मिळाली ती नेमकी त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात आनंदाच्या दिवसांत. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नवस, सल्ले, टोमणे सगळं पचवून दोघं गप्प बसली होती, आणि आता बायकोला पाचवा महिना लागला होता. पेंटर रस्त्याने चालायचा तो जमिनीला पाय न लावता. उधारीवाला दिसला तरी आपणहून हाक मारायचा. बाळाच्या पाळण्यावर काय रंगवायचं यावर त्याने आतापर्यंत सात बेत केले होते आणि सातही बायकोने खोडून काढले होते.

बायको चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची. केसाएवढा ओरखडा तिच्या नजरेतून सुटत नसे, मग नवऱ्याच्या तळहातावरचे डाग कसे सुटतील? भिंत मिळायच्या आठ दिवस आधी जेवताना तिने त्याचा हात पकडला होता.

"हे काय उठलंय?"

"टर्पेंटाइन."

"इतकी वर्षं टर्पेंटाइनमध्येच हात आहेत तुमचे. आजच कसं चढलं?"

"नवीन डबा आणलाय. जहाल आहे."

"दुखतं?"

"छे."

"खाज?"

"अजिबात नाही. म्हणजे बघ, किती साधं आहे ते."

बायकोचं समाधान झालं नाही, पण भात निवत होता. पेंटरने मग रंगाच्या दुकानदाराला हात दाखवला. या दुकानदाराला सगळा बाजार 'वॉर्निश' म्हणायचा, कारण कुठल्याही गोष्टीला चकाकी आणल्याशिवाय तो ती तोंडाबाहेर काढत नसे. वॉर्निशने हात उजेडात धरला, डॉक्टरसारखा हुंकार भरला आणि रबरी हातमोज्यांची जोडी गळ्यात मारली. पेंटरने मोजे घातले. मोजे घालून बारीक रेघ येईना, म्हणून काढले. आणि नंतर तो विसरला, कारण भिंत मिळाली.

भिंत दवाखान्याची, बाजाराच्या रस्त्याकडची. दवाखाना चालवत होत्या त्या सिस्टर. उंचीने चार फूट दहा इंच आणि आवाज असा की रस्त्यापलीकडचा माणूस आपलीच चौकशी चाललीय समजून उठून उभा राहावा. त्यांनी पेंटरच्या हातात कागदांची चळत दिली. शरीरसंबंधातून पसरणारे आजार, त्यांची लक्षणं, त्यांचे धोके, सगळं त्यात होतं. चित्रंही होती, पण दवाखान्याच्या जुन्या मशिनीवर काढलेल्या काळ्यापांढऱ्या प्रती.

"सिस्टर, हे असं भर रस्त्यावर?" पेंटर कचरला.

"मग काय माळ्यावर लिहायचं? कानात सांगितलेलं माणूस दारातून बाहेर पडेपर्यंत विसरतो. लिहा मोठ्या अक्षरांत."

झालं. पेंटरने खडू चोळलेली दोरी ताणून सटासट रेघा मारल्या आणि कामाला भिडला. पहिल्या दिवशी परमा, म्हणजे गनोरिया. लघवीला जळजळ, पू. त्याच्याच खाली, की कितीतरी जणांना, बायकांना तर विशेष, काहीच जाणवत नाही, आणि आजार आतल्या आत नळ्या खराब करतो, मग मूल राहणं अवघड होतं. दुसऱ्या दिवशी नागिणीच्या जातीचे दुखरे फोड, जे बरे होऊन पुन्हा डोकं काढतात. मग चामखिळीचा विषाणू, ज्याच्यातून बायकांना पुढे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो आणि ज्याच्यावर मुलामुलींना आधीच लस देता येते. मग कावीळ ब, तिलाही लस. मग एचआयव्ही, ज्याची गोळी रोज घेतली तर माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो.

पेंटर यातलं काही वाचत नव्हता. सूत्र म्हणजे सूत्र. पण मागे जमलेली माणसं वाचत होती, आणि मोठ्याने वाचत होती, त्यामुळे बिचाऱ्याचा इलाज नव्हता.

"पेंटर, कसली जाहिरात ही?" हातगाडीवाल्याने विचारलं. "माल कुठे मिळतो?"

"माल फुकट मिळतो. परत करायला इथं यावं लागतं."

माणसं खिदळली. एक जण आवाज खाली आणून म्हणाला, "हे सगळं दुसऱ्याच्या टॉवेलने होतं म्हणे."

खिडकीतून सिस्टरांचा आवाज आला, "टॉवेलला कशाला बदनाम करता? टॉवेल बिचारा दोरीवर असतो. पेंटर, लिहा तिथं, संडास, टॉवेल, कपबशी यांतून होत नाही. आणि कंडोम हा शब्द एवढा लहान का काढलाय? लाजला काय?"

पेंटरने शब्द पुसून दुप्पट मोठा काढला. मजा येत होती. संध्याकाळी घरी जाऊन तो बायकोला सगळं हातवारे करून सांगायचा आणि बायको पोटावर हात ठेवून हसायची.

तिसऱ्या दिवशी उपदंश आला, ज्याला लोक गरमी म्हणतात. या मजकुरासोबत एक चित्र होतं, उघडा तळहात आणि त्यावर ठिपके. प्रत इतकी काळी निघाली होती की तो हात भट्टीतून काढल्यासारखा वाटत होता. आता पेंटरच्या गुरूने त्याला एक गोष्ट शिकवली होती. हात काढायचा तर कागद बघू नकोस, स्वतःचा डावा बघ. तो पळून जात नाही, आणि बसून राहायचे पैसेही मागत नाही. पेंटरने आजवर नमस्काराचे हात काढले, घड्याळाच्या जाहिरातीचे काढले, दिशा दाखवणारे काढले, सगळे स्वतःचेच. बाजारभर त्याचा डावा हात पसरलेला होता म्हणा ना. याही वेळी त्याने डावा तळवा समोर धरला आणि बघितला रंग. मातकट लाल, तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा, कडेला जरा पापुद्रा. तीन डब्यांतून थेंब थेंब घेत त्याने अगदी तसाच रंग जमवला. दोन फुटी हात भिंतीवर उभा राहिला आणि मागची माणसं वाहवा करू लागली. पेंटर स्वतः शिडीवरून उतरला, दहा पावलं मागे गेला आणि खुशीत येऊन सिस्टरांना हाक मारली.

सिस्टर पदराला हात पुसत बाहेर आल्या. बघत राहिल्या. मग भिंतीजवळ जाऊन त्यांनी एका ठिपक्याला बोट लावलं आणि बोटावरचा ओला रंग उजेडात धरला.

"पेंटर, मी दिलेला कागद काळापांढरा होता ना?"

"होता."

"मग हा रंग कुठून आणलात?"

"त्यातच तर कला आहे सिस्टर. कागदावरचा हात मेलेला होता. मी आपला स्वतःचा बघून जिवंत केला."

"ठिपकेसुद्धा?"

"ठिपके आयतेच मिळाले. टर्पेंटाइनने उठलेत माझ्या हातावर."

"दाखवा."

पेंटरने हात पुढे केला. सिस्टरांनी तळवा उन्हाकडे वळवला, एका ठिपक्यावर बोट दाबलं.

"खाजतंय?"

"नाही."

"दुखतंय?"

"नाही, तेच तर सांगतोय, काही त्रासच..." आणि त्याची जीभ अडली. कारण हेच शब्द त्याने सकाळी भिंतीवर काढले होते, शेवटून पहिल्याकडे, आणि हातगाडीवाल्याने ते मागून मोठ्याने वाचले होते.

सिस्टर त्याला हाताला धरून आत घेऊन गेल्या आणि दार लावलं. मग त्यांचा आवाज एकदम लहान झाला. एवढा लहान आवाज त्यांच्याजवळ आहे हे पेंटरला ठाऊकच नव्हतं.

"चपला काढा."

"चपला कशाला?"

"पायाचे तळवे बघायचेत."

"सिस्टर, पायांनी नाही हो रंगवत मी."

"म्हणूनच बघायचेत."

पेंटरने पाय वर केला. तळव्यावर तेच ठिपके, तोच रंग. पायाला टर्पेंटाइन कधी लागलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथं तर हा माणूस कळसा काखेत घेऊन तीस फुटी भिंतीवर त्याचं चित्र काढत बसला होता.

"चार-पाच महिन्यांत खाली कुठे फोड, जखम?" सिस्टरांनी विचारलं.

झाली होती. चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या शहरात पाण्याच्या टाक्यांवर आकडे टाकायचं काम होतं. तीन आठवडे. मुक्काम लॉजवर. तिथं कपडे धुवायला येणारी एक बाई होती, बोलकी, एकटी. एकदाच. बायकोला दिवस गेलेत हे तेव्हा कळायचंच होतं, पण ही सबब स्वतःला सांगतानाही त्याला पटेना. घरी आल्यावर एक फोड उठला, फुटला, दुखला नाही. वॉर्निशने त्यावर मलम दिलं होतं आणि तीन आठवड्यांत जखम गेली तेव्हा वॉर्निशने त्या मलमाची एवढी कीर्ती केली होती की आणखी चार जणांनी ते नेलं.

"मलमाने गेली नाही ती," सिस्टर म्हणाल्या. "ती आपोआप जाते. जखम जाते, आजार आत राहतो. रक्तात फिरतो आणि मग असा हातापायांवर उठतो. हेही ठिपके आपोआप जातील. माणूस म्हणतो, सुटलो. आणि कित्येक वर्षांनी तो हृदय, मेंदू, डोळे, कुठूनही दार ठोठावतो."

त्यांनी बोटातून रक्त काढून एका पट्टीवर टाकलं. वीस मिनिटं दोघं त्या पट्टीकडे बघत बसली. दोन रेघा आल्या.

"घाबरू नका. तुमचं हे लवकरच्या पायरीवर आहे, पेनिसिलीनने साफ होतं," सिस्टर म्हणाल्या, आणि मग त्यांना आठवलं. "घरात कितवा महिना?"

तेव्हा मात्र पेंटरच्या पाचावर धारण बसली. "पाचवा. पण तिची तपासणी झालीय. इथंच झालीय, दुसऱ्या महिन्यात. सगळं चांगलं आलं होतं."

"ती तपासणी तेव्हाची. तुमच्याकडून तिला लागलं असेल तर ते त्याच सुमाराला किंवा नंतर, तेव्हाच्या रक्तात दिसलंच नसतं." सिस्टर उठल्या. "हा आजार आईकडून पोटातल्या बाळाकडे जातो. मूल पोटात दगावू शकतं, आजारी जन्मू शकतं. पण वेळ आहे, पेंटर. आईला औषध गेलं की ते बाळालाही पोचतं. उद्या नको. आज आणा तिला."

"तिला सांगू काय?"

"जे आहे ते. ते मात्र मी नाही सांगणार."

पेंटर निघाला तो रंगाच्या हातांनीच. चष्म्याच्या दुकानापर्यंत दहा मिनिटांची वाट, आणि त्या दहा मिनिटांत त्याने दहा वाक्यं बांधली. एक अ‍ॅनिमियाचं, एक नव्या सरकारी नियमाचं, एक सिस्टरांच्या हट्टाचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही एकदा मनात येऊन गेलं. मागच्या खोलीत बायको चाकावर काच धरून बसली होती, पाण्याची बारीक धार पडत होती. त्याच्या तोंडाकडे बघून तिने पायाने चाक थांबवलं.

आणि दहाही वाक्यं गेली वाऱ्यावर. त्याने सगळं सांगितलं. लॉज, ती बाई, फोड, मलम, पायाचे तळवे, दोन रेघा. उभ्या उभ्या, एका दमात, बाळाला असलेल्या धोक्यासकट.

बायकोने काच फडक्यावर ठेवली. ओली बोटं एकेक करून पुसली.

"बाळाला झालंय का?"

"माहीत नाही. तुझं रक्त बघायचंय."

"औषध आहे?"

"आहे. इंजेक्शन."

"कुठे मिळतं?"

"सिस्टरांकडे. आजच चल म्हणाल्यात."

"मग उभे काय राहिलात?" तिने चपला शोधल्या. "नऊ वर्षं मी दवाखान्यात चला म्हणत होते तेव्हा तुम्हाला भिंती होत्या. त्या बाईबद्दल मी बोलणार आहे तुमच्याशी, सोडणार नाही. पण आधी सुई."

आणि ती चालायला लागली ती अशी, की पोटुशी बाई पुढे आणि नवरा मागून धावतोय. बाजार बघत राहिला.

तिच्याही पट्टीवर दोन रेघा आल्या. सिस्टरांनी दोघांना विचारून घेतलं की पूर्वी पेनिसिलीनने कधी अंगावर गांधी आल्या का, धाप लागली का. मग दोघांना इंजेक्शनं दिली, कमरेखाली, दोन्ही बाजूंना. पेंटर 'आई गं' म्हणाला. बायकोने दुसरी बाजू आपणहून पुढे केली. पलंगावर बसवून ठेवून सिस्टरांनी बजावलं, संध्याकाळी ताप येईल, अंग दुखेल, ते औषधाचंच आहे. पण पोट घट्ट होऊन दुखलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर ताबडतोब यायचं. मी सांगेपर्यंत एकमेकांजवळ जायचं नाही.

"त्याची काळजी नको," बायको म्हणाली.

एचआयव्ही आणि काविळीचंही रक्त घेतलं. ते नीट आलं, पण तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं ठरलं. मग सिस्टरांनी त्या लॉजवरच्या बाईचा पत्ता मागितला, म्हणजे तिकडच्या दवाखान्यातून कुणाचं नाव न घेता तिला निरोप जाईल. पेंटर बायकोकडे बघू लागला.

"द्या," बायको म्हणाली. "तिच्याही पोटात उद्या कुणी असेल. मलम घेऊन गेलेले चार जणही आणा इकडे."

चौथ्या दिवशी ती बोलली. सकाळी चहा गाळताना सुरुवात केली ती चहा वाफाळायचा थांबला, निवला, त्यावर साय धरली तरी चालूच. त्यातला शब्दन् शब्द पेंटरने ऐकला. शेवटी ती म्हणाली, "मी तुम्हाला सोडलेलं नाही आणि माफही केलेलं नाही. बाळ येऊ दे." मग डबा घेऊन कामाला गेली. जाताना वाकडी वाट करून भिंतीपाशी थांबली, सगळी भिंत पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचली आणि शिडीवरच्या नवऱ्याला म्हणाली, "एक गोष्ट राहिलीय इथं. पोटुश्या बाईची पहिली तपासणी चांगली आली म्हणून बसून राहू नका, पुन्हा करा, आणि नवऱ्याचीही करा. लिहा."

"जागा नाही उरली, अगं."

"चामखिळी जरा सरकवा."

पेंटरने चामखिळी सरकवल्या. ते वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदाच सुरुवातीकडून शेवटाकडे काढलं. वेलांटीचं पोट सुटलंच.

पुढचे चार महिने म्हणजे काय सांगावं. दर महिन्याला रक्त. रक्तात आजाराचा जोर किती उरलाय त्याचा आकडा कागदावर यायचा, बत्तीस, मग सोळा, मग आठ, आणि उतरता आकडा बघून हा माणूस नाचायचा, जसं काही शेअरबाजाराच्या उलटं चाललंय. बायको मात्र कागदाकडे बघायची नाही. बाळ आज किती वेळा लाथ मारतंय एवढंच मोजायची, आणि कमी वाटलं की दुपारचं काम टाकून सिस्टरांसमोर जाऊन बसायची. दोनदा तपासून परत पाठवलं. तिसऱ्यांदा गेली तेव्हा सिस्टरांनी ठेवूनच घेतलं, कारण कळा सुरू झाल्या होत्या.

सकाळी साडेदहाला मुलगी झाली. रडली ती अशी, की सिस्टरांचा आवाज पहिल्यांदाच कुणीतरी झाकला. पण पेंटरला पेढे वाटायची उबळ आली ती दाबावी लागली, कारण बाळाचं रक्त जायचं होतं. डॉक्टर आले, त्यांनी नाक, त्वचा, पोट, डोळे, हाडं, एकेक बघितलं. टाचेतून रक्त घेतलं. कागद यायला दुपार झाली. बाकावर पेंटर कधी बसायचा, कधी उठायचा, शेजारच्या माणसाने शेवटी त्याच्या सदऱ्याचं टोक धरूनच ठेवलं.

सिस्टर कागद घेऊन आल्या आणि पेंटरला ओलांडून सरळ पलंगाकडे गेल्या.

"ऐक पोरी. तुझ्या रक्तातली आजाराची खूण थोडी बाळात उतरतेच, म्हणून बाळाला आजार आहे असं नाही. बाळाचा आकडा तुझ्यापेक्षा वर असता तर काळजी होती. तो खाली आहे. तपासणीत काही नाही. तुझं औषध वेळेवर गेलं, चार महिने आधी. दोन महिन्यांनी पुन्हा बघू, मग आणखी दोन महिन्यांनी, सहा महिन्यांपर्यंत आकडा आपोआप शून्यावर येतो."

बायकोने बाळाला जवळ ओढलं.

"म्हणजे दूध पाजू?"

"अजून पाजलं नाहीस? आण इकडे, मी धरते, तू नीट बस."

पडदा ओढला गेला. पेंटर पडद्याबाहेर उभा राहिला, आतून चुटूचुटू आवाज येईपर्यंत, आणि तो आल्यावर बाकावरच्या प्रत्येक अनोळखी माणसाजवळ जाऊन सांगू लागला, दोन किलो नऊशे, दोन किलो नऊशे. आतून बायकोचा आवाज आला.

"अहो, बाहेर व्याख्यान देऊ नका. आत या आणि हिच्याखालची उशी वर करा, माझा हात भरून आलाय."